थेंब पाडणारं हिरवं बटन

ह्यातला एक शब्द खरा मानून दाखवा, मग मी तुम्हाला मानते. तुमच्या आयांनी नाही मानला. तुमच्या मास्तरांनी तर मध्येच उठून पाणी मागितलं आणि परत आलेच नाहीत. बसा. ऐका नि नका मानू.

एका गावात एक बटनं नाचवणारा होता. हसा, हसा. माकड नाचवणारा असतो, अस्वल नाचवणारा असतो, मग बटनं नाचवणारा का नसावा? त्याचं नाव निवास. शहरात जाऊन मोबाईलमधली ॲपं करायला शिकून आला होता. ॲप म्हंजे काय ते मला विचारू नका. मी चौथीत दोनदा बसले आणि दोन्ही वेळा उठले. पण निवासची बटनं मी बघितली आहेत. बोट टेकवलं की ती नुसती लागायची नाहीत. आधी फुगायची, मग रंग बदलायची, तोही एकदम नाही. दुधात चहा ओतल्यावर कसा हळूहळू पसरतो, तसा. बघत बसावं वाटायचं. मी तर काही काम नसताना दाबायचे.

त्या गावात अकरा घरं रेशमाची होती. रेशमाची अळी अंड्यातून निघते तेव्हा मुंगीच्या पिल्लाएवढी असते, काळी, नुसती फुंकर मारली तर उडेल अशी. तेव्हा पहिले आठ दिवस अकराही घरांच्या अळ्या एकाच खोलीत वाढवायच्या आणि थोड्या मोठ्या झाल्या की वाटून घ्यायच्या, अशी रीत होती. त्या खोलीला चॉकी म्हणतात. चॉकीतली हवा ओली लागते. हवा सुकली की तुतीचा चिरलेला पाला सुकतो, आणि सुकल्या पाल्याला त्या बाळअळ्या तोंड लावत नाहीत. उपाशी मरतात. बोंब मारत नाहीत, पाय झाडत नाहीत. मरतात.

चॉकीची किल्ली होती कौतिकबाईकडं. नऊ वर्षं. नवरा गेला, मूलबाळ नाही, आणि अकरा घरांची पिल्लं तिच्या हातात. कमरेला किल्ली लावून गावातून चालायची तेव्हा पाटलीणबाई असल्यासारखी चालायची. मी मागून तिची नक्कल करायचे. पोरं हसायची. तीही हसायची.

पुढं तिचा गुडघा गेला. चॉकी गावाच्या पार टोकाला, तुतीच्या रानाजवळ. हवा ओली राहावी म्हणून उन्हात चार वेळा जाऊन तिथली पोती भिजवायची म्हंजे तिला ब्रह्मांड आठवायचं. मग अकरा घरांनी मिळून धुकं सोडायचं मशीन आणलं आणि निवासला म्हणाले, बाबा, असं काहीतरी कर की कौतिकआत्याला घरी बसून ते चालू करता येईल.

निवासनं केलं. पहिलं केलं ते असं: बटन करड्या रंगाचं. दाबलं की करडंच राहायचं. चॉकीतलं मशीन खरंच चालू झालं की ते उलटा निरोप धाडायचं, हो, चालू झालो. मग बटन टुणकन हिरवं व्हायचं. मधे कधी पाच सेकंद जायचे, कधी दहा.

निवासचा मित्र होता, बाळकृष्ण. जिल्ह्याच्या गावाला मोबाईलचं दुकान. त्यानं बघितलं नि नाक मुरडलं.

"हे काय रे? दाबल्यावर मेल्यासारखं पडून राहतं, आणि मग दचकून उठतं."

"मशीनच्या निरोपाची वाट बघतंय ते."

"बघणाऱ्याला काय त्याचं? पुढच्या महिन्यात कृषी प्रदर्शन आहे. तिथं हे दाखवणार तू?"

निवासला ते लागलं. आठ दिवस तो खोलीच्या बाहेर आला नाही. नवं बटन केलं. दाबलं की लगेच करड्यातून हिरवा उमलायला लागायचा, गोल फुगायचा, आणि वरून निळे निळे थेंब पडायचे, बारीक, अगदी खरे. सगळं होईपर्यंत सहा-सात सेकंद जायचे. तेवढ्यात मशीनही बहुतेक वेळा चालू झालेलं असायचं. वाट बघणं कोणाला दिसायचंच नाही.

बहुतेक वेळा.

आणि मशीन चालू झालंच नाही तर? तेही त्यानं आधी केलं होतं. हिरवं होता होता बटन थरथरून लाल व्हायचं आणि मागं करड्यावर यायचं. पण ते बाळकृष्णानं बघितलं आणि म्हणाला, "ह्याला फेफरं आलं की काय?" दोघं हसले. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी निवासनं तो परतीचा रंग काढून टाकला. नंतर घालू म्हणाला. करड्यावरून हिरव्यावर जायची वाट ठेवली, आणि काम फसलं तर मागं यायची वाट बुजवली.

प्रदर्शनात टाळ्या पडल्या. फेटा बांधला. पेपरात फोटो आला, त्यात निवास आहे, बटन आहे, आणि कडेला कौतिकबाईचा अर्धा खांदा आहे. तिनं तो कापून देवाजवळ लावला.

नंतर ते नंतरच राहिलं.

चैत्र लागला. ऊन असं की कोंबड्यासुद्धा सावली सोडेनात. चॉकीत अळ्या चार दिवसांच्या झालेल्या. आणि कुठल्याशा उंदरानं मशीनच्या खोक्यातली तार कुरतडली. कौतिकबाईनं दुपारी बाराला घरातून बटन दाबलं. बटन फुगलं, हिरवं झालं, थेंब पडले. ती निवांत झाली. नाहीतर तिची सवय अशी की मशीन असो नसो, दुपारी एकदा लंगडत जाऊन पाल्याला हात लावून यायची. त्या दिवशी गुडघा फार ठणकत होता. तिनं बटनाकडं बघितलं. थेंब पडतच होते. ती तेल लावून आडवी झाली.

चार वाजता गेली तर पाला कुरकुरीत. ट्रेमधे हात घातला तर पापडासारखा मोडला. अळ्या तशाच होत्या, काळ्या काळ्या, हलत नव्हत्या. अकरा घरांच्या.

तास-दीड तासात सगळे चॉकीपुढं जमले. कोणी रडत होतं, कोणी नुसतंच ट्रे हलवून बघत होतं. अकरा घरांतले थोरले म्हंजे दादाराव. ते म्हणाले, "कौतिक, मशीन चालू केलं नव्हतंस?"

"केलं होतं की. बाराला. हे बघा." तिनं मोबाईल पुढं केला. बटन हिरवंगार. थेंब पडतायत.

सगळे त्या थेंबांकडं बघायला लागले. आणि गर्दीतून एक आवाज आला, "अगं, आत्ता येता येता दाबलं असशील! दुपारी घोरत पडली होतीस नि आता थेंब दाखवतेस!"

चार जण हसले. रडणाऱ्या गर्दीत हसू फार पटकन पसरतं.

हे कोण बोललं, ते विचारू नका.

बरं, विचारा. मी बोलले. मला वाटलं, चेष्टा आहे. तिच्या चालण्याची करायची तशीच. पण तोंडातून बाहेर पडल्यावर ती चेष्टा राहिली नाही. दादारावांनी ती खरी धरली. ते निवासकडं वळले.

"काय रे, असं होऊ शकतं?"

आता नीट ऐका. प्रत्येक बटन कधी दाबलं, ती वेळ ॲपात लिहिलेली असते. निवासच्या खिशातल्या फोनमधे ती निघाली असती. दोन बोटांचं काम. आणि त्याला आठवत होतं, परतीचा रंग कोणी काढला ते. फोन काढून बघितला असता तर नक्की कळलं असतं. म्हणूनच त्यानं तो काढला नाही.

म्हणाला, "होऊ शकतं."

कौतिकबाईनं त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही हो. शाळेत मास्तर एखादं अवघड गणित सोडवून दाखवतात, तेव्हा पोरं कशी बघतात, तशी. तिला वाटलं, शिकलेला आहे, म्हणतोय तर झालं असेल. तिनं कमरेची किल्ली सोडली. नऊ वर्षांची गाठ, लवकर सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. दादारावांच्या हातात दिली आणि कोणाकडं न बघता घरी गेली. त्या दिवशी ती साधी चालली. नक्कल करावी असं त्यात काही नव्हतं.

दोन दिवसांनी सकाळी ती निवासच्या घरी आली. हे मला कसं ठाऊक? त्यांच्या नि माझ्या स्वयंपाकघराची भिंत एक. पलीकडं कोणी शिंकलं तर इकडं मी शतायुषी हो म्हणते. कान लावला म्हणून मला नावं ठेवू नका. त्याच्याहून वाईट अजून पुढं आहे.

"निवास, बाळा, मला दाबायला शिकव," ती म्हणाली. "माझंच काहीतरी चुकतंय. पाला चिरून चिरून बोटाची कातडी गेलीये माझी. म्हणून लागत नसेल. किल्लीसाठी नाही म्हणत मी. मला नुसतं कळू दे, माझं कुठं चुकलं."

निवासची आई चहा ठेवत होती. निवासला नाही म्हणता येईना. त्यानं फोन दिला. तिनं दाबलं. हिरवं. पुन्हा करडं केलं, पुन्हा दाबलं. हिरवं. डाव्या हातानं दाबलं, अंगठ्यानं दाबलं. प्रत्येक वेळी हिरवं, प्रत्येक वेळी थेंब.

"लागतंय की," ती म्हणाली. आणि मग एकदम, "अरे, पण थांब. मशीन तर दुरुस्तीला गेलंय ना? खोकं काढून नेलंय काल."

निवासनं फोन परत घ्यायला हात पुढं केला.

"मशीन नाही. खोकं नाही. मग हे हिरवं कोणासाठी होतंय रे?"

"ते... दिसायला बरं दिसतं, आत्या."

"कोणाला?"

फोन ओट्यावर उलटा ठेवल्याचा आवाज आला.

"म्हंजे त्या दिवशी माझं बोट बरोबर होतं," कौतिकबाई म्हणाली.

"हो."

"बरं."

तिनं चहा घेतला. बशीत ओतून, फुंकर मारून, सगळा. मग उठताना म्हणाली, "मी कोणाला सांगत नाही. रविवारी तुझ्याकडं पाहुणे यायचेत, मुलीकडचे. पेपरात फोटो आलाय तुझा. माझं काय, गुडघा गेलाच आहे. पण एक कर. पुढच्या बाईला मशीन देशील, तेव्हा तिला सांग, थेंबावर जाऊ नको म्हणून."

आणि गेली.

निवासनं त्या दुपारी फोन काढून वेळ बघितली, त्यानंच मागून सांगितलं. बारा वाजून सात मिनिटं. बघितली आणि फोन उशीखाली ठेवला. म्हंजे वेळ पुसली जाते की काय, कोणास ठाऊक. मी भिंतीला टेकून बसले होते. आता मलाही कळलं होतं. मी बाहेर पडून चार घरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत अकरा घरं कौतिकबाईच्या दारात उभी राहिली असती. माझ्या तोंडाला कधी कुलूप लागलेलं कोणी बघितलं नव्हतं. तेव्हा लागलं. कारण पहिली टिंगल माझी होती. सांगायला गेले असते तर तिथून सांगावं लागलं असतं.

तिला नळावर बघितलं की मी कळशी अर्धी भरून निघायचे.

रविवारी पाहुणे आले. निवासच्या बापानं पेपराचं कात्रण काढलं. मुलीचे मामा म्हणाले, "वा! दाखवा की ते बटन." निवासनं फोन काढला, बोट वर नेलं, आणि ते बोट तसंच राहिलं. त्याला दाबवेना. पाहुणे बघतायत, बाप बघतोय, पोह्यांवरचं खोबरं सुकतंय. शेवटी तो म्हणाला, "ते बिघडलेलं आहे."

"अरेरे. कधीपासून?"

"पहिल्यापासून. मीच बिघडवलंय."

बापाला वाटलं, पोरगं विनयानं बोलतंय. तो मोठ्यानं हसला. निवास उठला, चपला घातल्या आणि पाहुण्यांना तसंच सोडून बाहेर पडला.

त्या दिवशी चॉकीत फुटायला आलेली नवी अंडी मांडायचं चाललं होतं. अकराही घरं तिथंच. मीही होते, फुकटची गंमत बघायला. निवास आला, नवी इस्त्री केलेला शर्ट, कपाळाला पाहुण्यांचं कुंकू. लोकांना वाटलं, पेढे वाटायला आला.

"कौतिकआत्यानं बटन बारा वाजून सात मिनिटांनी दाबलं होतं," तो म्हणाला. "मशीन चालू झालं नव्हतं. तरी बटन हिरवं झालं. कारण मी ते तसं केलंय. काम फसलं तर ते लाल व्हायचं, ते मी काढून टाकलं. वाईट दिसत होतं म्हणून."

दादारावांनी हातातला अंड्यांचा कागद खाली ठेवला.

"मग त्या दिवशी होऊ शकतं म्हणालास, ते काय?"

"तुम्ही विचारलंत, होऊ शकतं का. मी म्हटलं, होऊ शकतं. तुम्ही झालं का असं विचारलं असतंत, तर काय म्हणालो असतो ते मला माहीत नाही. तेव्हापासून तेच डोक्यात आहे."

मला वाटलं, आता ह्याला मारतात. पण कोणी हात उचलला नाही. अकरा घरांची माणसं खाली जमिनीकडं बघत होती. कारण कौतिकबाईचं खरं मानायला सगळ्यांना नऊ वर्षं पुरली नव्हती, आणि एक टिंगल खरी मानायला एक क्षण पुरला होता. मग एकेक मान वर झाली आणि माझ्याकडं वळली. एरवी मला असा मोका मिळाला तर मी काहीतरी बोलून सगळ्यांना हसवून मोकळी होते. तेव्हा तोंड उघडलं आणि नुसतं उघडंच राहिलं. शेवटी म्हटलं, "ती टिंगल माझी होती. आणि हे सगळं मला चार दिवसांपासून ठाऊक आहे." एवढंच.

निरोप धाडला तशी कौतिकबाई आली. दादारावांनी किल्ली पुढं केली. ती घेईना.

"आधी नव्या पिल्लांचा पाला चिरायचाय," ती म्हणाली. "बारीक. बोटाच्या नखाएवढा. मी बसते खुर्चीवर, माझा गुडघा दुखतोय. तुम्ही चिरा. सगळे. निवास, तू शर्टाच्या बाह्या वर कर. आणि तू," माझ्याकडं बघून म्हणाली, "जीभ चालवतेस तशी सुरी चालव."

संध्याकाळपर्यंत चिरत होतो. निवासची तीन बोटं कापली. माझा पाला तिनं दोनदा परत दिला, जाड आहे म्हणून. दुसऱ्यांदा दिला तेव्हा जाड नव्हता. पण मी चिरला. मग कुठं तिनं किल्ली घेतली.

मशीन दुरुस्त होऊन आलं, नि निवासनं बटन पुन्हा केलं. आता दाबलं की ते पिवळं होतं आणि नुसतं डुलत राहतं, अजून नाही, अजून नाही असं. मशीनचा निरोप आला तरच हिरवं. नाही आला तर थरथरून लाल होतं आणि फोन असा खरखरतो की झोपलेला माणूस उठून बसेल. थेंब काढून टाकले. पेपरवाल्यांना कोणी बोलावलं नाही. मुलीच्या मामांनी परत निरोप धाडलाच नाही.

पहिल्या दिवशी कौतिकबाईनं सगळ्यांसमोर बटन दाबलं. पिवळं डुललं. चांगलं आठ-नऊ सेकंद डुललं. मग हिरवं झालं. कौतिकबाईनं फोन कमरेला खोचला, काठी घेतली आणि चॉकीची वाट धरली.

निवास म्हणाला, "आत्या, हिरवं झालं की."

"झालं खरं," ती म्हणाली. "मी हात लावून येते."

भर उन्हात ती लंगडत चालली. निवास थोडा वेळ उभा राहिला आणि मग खाली मान घालून तिच्या मागं गेला. अजूनही दुपारी दोघं जातात. ती पुढं, तो मागं. मी दारातून बघते. नक्कल करत नाही.

तात्पर्य: काम झाल्याशिवाय झाल्याचा रंग चढवू नये. आणि चढवलाच, नि नुकसान झालं, तर दोष दुसऱ्याच्या बोटावर लोटू नये. कारण गेलेली किल्ली परत देता येते, पण डोळे मिटून ठेवलेला विश्वास परत देता येत नाही.

काय बघताय माझ्या तोंडाकडं? खरं नव्हतंच मानायचं, ठरलं होतं ना? जा आता. निघा.